पेशींचे कलम

दिवाळी अंकात मधुमेहावर लिहायला बसणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत उभे राहून उपासाचे महत्त्व सांगणे होय, हे आम्ही पुरते जाणून आहोत. वाचकांच्या एका हातात अंक, दुसरा हात फराळाच्या ताटाकडे, आणि सदरकार म्हणतो, "चला, जरा साखरेविषयी बोलू!" परंतु भिण्याचे कारण नाही. आज आम्ही कोणाच्याही ताटातला लाडू उचलणार नाही. ज्या मधुमेहाची हकीकत सांगायची आहे, तो लाडू खाल्ल्याने येत नाही आणि लाडू सोडल्याने जातही नाही.

मधुमेह मुख्यतः दोन तऱ्हांचा. एक तुमच्या-आमच्या चांगल्या ओळखीचा. चाळिशी-पन्नाशी उलटली, पोट सुटले, चालणे कमी झाले की तो हळूच दारात येऊन उभा राहतो. पथ्य, फिरणे आणि गोळ्या यांनी त्याला बराच काळ ओसरीवर थोपवून धरता येते. दुसरा पुष्कळदा लहानपणीच येतो, आणि दार वाजवीत नाही. चरकसंहितेत प्रमेहाचे रोगी स्थूल आणि कृश असे वेगळे सांगितले आहेत. तेव्हा हा भेद आपल्याकडील जुन्या वैद्यांच्याही नजरेतून सुटला नव्हता.

वाशीम जिल्ह्यातले एखादे घर डोळ्यांसमोर आणा. वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, कुठलेही गाव घ्या. वडील शाळेत शिक्षक, आई घरचे सांभाळून शिवणकाम करणारी, मुलगी आठ-नऊ वर्षांची. उन्हाळ्याचे दिवस. मुलगी तांब्यावर तांब्ये पाणी पिते. घरची माणसे म्हणतात, ऊनच तसे आहे! ती रात्रीची पुन्हा अंथरूण ओले करू लागते, तेव्हा तिला रागे भरतात. अंगावरचा फ्रॉक सैल होतो, तेव्हा जंताचे औषध देतात. मग एके दिवशी उलट्या, पोटात दुखणे आणि धाप. मोटार करून अकोल्याला न्यावे, तेव्हा डॉक्टर रक्त तपासून सांगतात की हा मधुमेह आहे, आणि आणखी उशीर झाला असता तर मुलगी हातची गेली असती. त्या दिवसापासून त्या घरात रोज तीन-चार वेळा सुई आली. जेवणाआधी सुई, निजताना सुई, आणि मध्ये बोट टोचून साखर पाहणे. सणालाही सुटी नाही.

पुढे केव्हा तरी वडिलांच्या मोबाइलवर एक जाहिरात झळकते: 'मधुमेह मुळापासून बरा! नव्या पेशी बसवा, इन्शुलिन विसरा!' त्या रात्री आई-वडिलांना झोप येत नाही. शेत विकावे का? दागिने मोडावेत का? की हे सारे थोतांडच आहे?

या प्रश्नाला 'हो' म्हणणेही चूक आणि 'थोतांड' म्हणणेही चूक. नव्या पेशी बसवण्याची विद्या खरी आहे. ती कुठवर आली आहे, एवढेच नीट समजून घ्यायला हवे.

आपल्या पोटात, जठराच्या मागे, स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी आहे. १८६९ साली बर्लिनमध्ये पाउल लँगरहान्स या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा त्याला त्या ग्रंथीत पेशींचे लहान लहान पुंजके विखुरलेले दिसले. समुद्रात बेटे असावीत तसे! त्यांचे काम काय, हे त्याला सांगता आले नाही. आज आपल्याला ठाऊक आहे की अशी सुमारे दहा लाख बेटे प्रत्येकाच्या स्वादुपिंडात असतात, आणि त्यांतील बीटा नावाच्या पेशी इन्शुलिन तयार करतात. रक्तातली साखर पेशींच्या घरात शिरते, ती या इन्शुलिनने दार उघडले म्हणून. मुलांच्या मधुमेहात शरीराचे स्वतःचेच रखवालदार, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, काही गैरसमजाने या बीटा पेशींना चोर समजतात आणि त्यांचा फडशा पाडतात. आईने काय खाऊ घातले किंवा काय खाऊ घातले नाही, याचा त्यात काडीइतकाही दोष नसतो. हे वाक्य अनेक घरांत मोठ्याने वाचून दाखवण्यासारखे आहे.

१९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग, बेस्ट, कॉलिप आणि मॅक्लाउड यांच्या खटपटीतून इन्शुलिन हाती आले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले. त्याआधी असे निदान झालेले मूल महिन्यांत, फार तर वर्षा-दोन वर्षांत दगावत असे. म्हणून इन्शुलिनला आम्ही तरी औषध म्हणत नाही, अन्न म्हणतो. पण बाहेरून टोचलेले इन्शुलिन आंधळे असते. मुलगी आज अर्धीच भाकरी खाणार आहे, की मैदानावर तासभर लंगडी खेळणार आहे, हे त्याला कळत नाही. जिवंत बीटा पेशी मात्र क्षणोक्षणी साखर चाखून पाहतात आणि मोजून इन्शुलिन सोडतात. तेव्हा माणसाच्या मनात साहजिकच आले की गेलेल्या पेशींच्या जागी दुसऱ्या पेशींचे कलम का करू नये?

कलम म्हटल्यावर वऱ्हाडच्या माणसाला संत्री आठवणार. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. खुंट एका जातीचा, डोळा दुसऱ्या जातीचा, पण दोघांचे सूत जमते आणि बाग उभी राहते. झाडाच्या अंगात गस्त घालणारे रखवालदार फिरत नसतात, म्हणून त्याला हे जमते. माणसाचे तसे नाही. आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर काही प्रथिनांचा एक बिल्ला असतो. रखवालदार तो बिल्ला पाहतात. घरचा असेल तर सोडतात, परका दिसला की तुटून पडतात. यालाच शरीराने कलम नाकारणे म्हणतात. रोगजंतूंपासून आपल्याला वाचवणारी हीच शक्ती येथे आडवी येते.

याचा अनुभव फार लवकर आला. इन्शुलिनचा शोध लागायच्याही आधी, १८९३ साली, इंग्लंडात ब्रिस्टल येथे एका पंधरा वर्षांच्या मरणोन्मुख मुलाच्या कातडीखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे बसवले होते. तीन दिवसांत मुलगा गेला. पुढे सत्तर-ऐंशी वर्षे लोटली. १९६७ साली अमेरिकेत पॉल लेसी यांनी उंदरांच्या स्वादुपिंडातून ही बेटे शाबूत वेगळी काढण्याची रीत बसवली, आणि १९७२ मध्ये बॅलिंजर व लेसी यांनी बेटांचे रोपण करून उंदरांचा मधुमेह आटोक्यात आणून दाखवला. माणसात मात्र यश हुलकावणी देत राहिले.

२००० साली कॅनडातल्याच एडमंटन गावी डॉ. जेम्स शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात रोग्यांना मृत दात्यांची बेटे दिली. मोठी चिरफाड नाही. यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून बेटे सोडायची, ती यकृतात जाऊन रुजतात. सातही जणांचे इन्शुलिन सुटले! जगभर आनंदीआनंद झाला. पण आनंदाच्या पाठोपाठ हिशेबाची वही येतेच. एका रोग्याला बहुधा दोन किंवा अधिक दात्यांची बेटे लागली. पाच वर्षांनी पाहिले, तर सुमारे दहापैकी एकच रोगी इन्शुलिनवाचून राहिला होता, जरी इतरांपैकी पुष्कळांच्या पेशी थोडेफार काम करीत होत्या. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की रखवालदारांना गुंगी देणारी औषधे रोज, जन्मभर घ्यावी लागत. या औषधांनी साध्या रोगजंतूंचेही फावते, मूत्रपिंडांना इजा पोचू शकते आणि कर्करोगाचा धोका वाढतो. सुई सुटावी म्हणून आठ वर्षांच्या मुलीला हे द्यावे का? कोणताही विचारी डॉक्टर नाही म्हणेल. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०२३ मध्ये दात्याच्या बेटांच्या एका उपचाराला परवानगी दिली, ती प्रौढांपुरतीच. आणि त्यांतही ज्यांची साखर वारंवार अचानक घसरून जिवावर बेतते, अशांसाठीच.

म्हणजे अडचणी दोन उरल्या. पेशी पुरेशा आणायच्या कोठून? आणि रखवालदारांना न झोपवता त्या जगवायच्या कशा?

पहिल्या अडचणीची गोष्ट एका बापाची आहे. हार्वर्डचे प्राध्यापक डग्लस मेल्टन बेडकांवर संशोधन करीत असत. त्यांच्या तान्ह्या मुलाला हा मधुमेह झाला, पुढे मुलीलाही झाला. त्यांनी बेडूक सोडले आणि मूळपेशींपासून, म्हणजे ज्यांचे पुढे काहीही घडवता येते अशा पेशींपासून, बीटा पेशी करण्याचा ध्यास घेतला. २०१४ साली त्यांना त्या प्रयोगशाळेत मुबलक करता आल्या. त्या वाटेने पुढे गेलेल्या एका अमेरिकी कंपनीने जून २०२५ मध्ये निकाल प्रसिद्ध केला: पूर्ण मात्रा मिळालेल्या बारा रोग्यांपैकी दहा जण वर्षभरानंतर इन्शुलिनवाचून होते. दात्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. पण गुंगीची औषधे येथेही द्यावीच लागली. आणि त्या प्रयोगातील एक रोगी मेंदूच्या आवरणाला बुरशीचा संसर्ग होऊन दगावला. असा संसर्ग प्रतिकारशक्ती दबलेली असताना विशेषेकरून गाठतो. म्हणून दुसरी अडचण हीच खरी भिंत.

भिंत ओलांडण्याचे तीन मार्ग शास्त्रज्ञांनी धरले आहेत. पहिला मार्ग पडद्याचा. पेशी अशा जाळीदार पडद्याआड ठेवायच्या की साखर आत जावी, इन्शुलिन बाहेर यावे, पण रखवालदाराला शिरता येऊ नये. १९८० साली लिम आणि सन यांनी समुद्रशेवाळापासून काढलेल्या चिकट द्रव्याच्या बारीक गोळ्यांत बेटे बंद करून हे उंदरांत करून दाखवले. या मार्गावर आपल्या पुण्याचाही वाटा आहे, हे सांगताना आम्हाला आनंद होतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांची बेटे वेगळी काढणे, ती टिकवणे आणि त्यांच्याभोवती कोणता पडदा चालेल हे पारखणे, यांवर वर्षानुवर्षे काम केले. २००१ साली त्यांनी आणि मकरंद रिसबूड यांनी कायटोसान या द्रव्याच्या एका मिश्रणाने शरीरातल्या भक्षक पेशी जाग्या होत नाहीत, असे दाखवले. हे कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात. कोकणातल्या कोळणी जे टाकून देतात, त्यातून एखाद्या मुलाचे स्वादुपिंड झाकायचे! पडद्याची खोड अशी की पुष्कळदा शरीर त्या पडद्याभोवतीच जाड साल धरते, आणि आतल्या पेशी प्राणवायूवाचून गुदमरतात. म्हणून हा मार्ग अजून पुरा झालेला नाही.

दुसरा मार्ग घरच्याच बियाण्याचा. चीनमध्ये तिएन्जिन येथे एका पंचवीस वर्षांच्या तरुणीच्या स्वतःच्याच पेशींना उलटे फिरवून मूळपेशी केल्या, त्यांची बेटे घडवली आणि २०२३ मध्ये ती तिच्या पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली बसवली. अडीच महिन्यांत तिचे इन्शुलिन सुटले. ही हकीकत २०२४ साली प्रसिद्ध झाली. बिल्ला घरचा, तेव्हा परकेपणाचा प्रश्न नाही. तथापि या रोगात रखवालदार मुळात घरच्याच पेशींवर उलटलेले असतात, हे विसरून चालणार नाही. शिवाय त्या तरुणीला पूर्वीच्या यकृतरोपणामुळे गुंगीची औषधे चालूच होती. म्हणून नुसत्या घरच्या पेशींनी भिंत ओलांडली, असे त्यावरून म्हणता येत नाही.

तिसरा मार्ग बिल्ला पुसण्याचा, आणि तोच सर्वांत ताजा. स्वीडनमधील उप्साला येथे डिसेंबर २०२४ मध्ये एका बेचाळीस वर्षांच्या गृहस्थावर हा प्रयोग झाला. त्यांना पाचव्या वर्षापासून हा रोग होता. एका मृत दात्याची बेटे घेतली. जनुके कापण्याची जी नवी कात्री निघाली आहे, तिने पेशींच्या अंगावरचे परके बिल्ले उतरवले. पण बिल्ला मुळीच नसला, तरी रखवालदारांतील एक टोळी संशय घेते. म्हणून पेशींवर 'मला खाऊ नका' असा संकेत देणारे एक प्रथिन मुद्दाम वाढवले, आणि त्या पेशी हाताच्या स्नायूत टोचल्या. गुंगीचे एकही औषध दिले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या बारा आठवड्यांचा अहवाल आला. ज्या पेशींत बदल अपुरा राहिला होता, त्यांच्यावर रखवालदारांनी हल्ला केला. ज्यांच्यात पुरा झाला होता, त्या जगल्या, आणि जेवणानंतर इन्शुलिन सोडू लागल्या!

येथे टाळी वाजवण्याआधी जरा थांबावे. हा प्रयोग एका माणसावर झाला. सावधगिरी म्हणून पेशी फार थोड्या दिल्या होत्या, त्यामुळे त्या गृहस्थांना इन्शुलिन घ्यावेच लागले. बारा आठवडे म्हणजे एका सोयाबीनच्या हंगामाइतकाही काळ नव्हे. रखवालदाराला न दिसणारी पेशी पुढे बिघडली आणि वाढतच सुटली, तर तिला आवरणार कोण, याचाही विचार करावा लागेल. तरीपण गुंगीच्या औषधांवाचून परकी बीटा पेशी माणसात जगली, ही गोष्ट मोठीच आहे. भिंतीला पहिली खिंड पडली आहे. त्या खिंडीतून रस्ता व्हायला वेळ लागेल.

आता त्या वाशीमच्या आईशी दोन शब्द. ताई, शेत विकू नका. तुमच्या मुलीसाठी आज बाजारात विकत मिळणारे असे कलम नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, रक्ताच्या वगैरे ठरावीक रोगांत होणारे रोपण सोडले, तर मूळपेशींचा वापर रीतसर मंजूर आणि नोंदलेल्या प्रयोगातच करायचा असतो. म्हणून कोणी 'पेशी बसवतो' म्हणाला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. भारताच्या वैद्यकीय प्रयोगांच्या सरकारी नोंदवहीत तुमचा प्रयोग नोंदला आहे का, आणि त्याचा क्रमांक काय? प्रयोग आहे, तर माझ्याकडून लाखो रुपये कशाचे मागता? आणि इन्शुलिन बंद करायला कोणत्या आधारावर सांगता? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकायलाही थांबू नका. या रोगात इन्शुलिन बंद केले तर काही दिवसांत, कधी कधी एक-दोन दिवसांतच, जिवाला धोका होतो. भस्म असो, काढा असो, अंगारा असो की परदेशी नावाची पेशी असो, सुई सोडण्याच्या अटीवर काहीही घेऊ नये.

उद्याच्या कलमासाठी आजचा खुंट निरोगी राखणे, हेच आई-बापांच्या हाती असलेले खरे काम. साखर आटोक्यात राहिली तर डोळे, मूत्रपिंडे, पायांच्या शिरा शाबूत राहतात. आणि पुढे जेव्हा कलम निघेल, तेव्हा त्याचा उपयोग धडधाकट शरीरालाच अधिक. वऱ्हाडातला उन्हाळा इन्शुलिनचा वैरी आहे. घरात फ्रीज असेल तर इन्शुलिन दाराच्या कप्प्यात ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात कधीही नको, कारण एकदा गोठले की ते निकामी झाले. फ्रीज नसेल किंवा वीज जात असेल, तर आपला जुना माठ कामास येतो. बाटली पाणी न शिरणाऱ्या डबीत घालून ती मातीच्या भांड्यात सावलीला ठेवावी. माठाचा ओलावा जसजसा सुकतो, तसतसा आत गारवा राहतो. एक मडके दुसऱ्यात ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरली, तर आणखी चांगले.

एकट्यानेच हे ओझे वाहायचे असेही नाही. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी गरीब घरच्या अशा मुलांना इन्शुलिन मिळावे म्हणून ड्रीम ट्रस्ट उभा केला. छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' संस्था याच मुलांसाठी काम करते. वाशीमलाही २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जो जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा निघाला, तेथील मुलीला प्रत्येक वेळी अकोल्याचीच वाट धरावी लागू नये, अशी आशा त्यावरून करता येते.

आणि शहरातल्या वाचकांनो, तुमच्याकडेही एक मागणे आहे. तुमच्या वर्गात, चाळीत, नात्यात असे एखादे मूल असेलच. त्याने डबा खाण्याआधी सुई घेतली तर टक लावून पाहू नका. खेळता खेळता ते घामाघूम होऊन थरथरू लागले, तर शुद्धीवर आहे तोवर लगेच साखर-पाणी द्या, आणि मगच काय झाले ते विचारा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काही न घालता तडक दवाखाना गाठा. 'एवढ्याशा पोराला मधुमेह?' असे त्याच्या आईला विचारू नका. तिने तो प्रश्न देवाला पुष्कळ वेळा विचारून झालेला असतो. अशी मुलगी उपवर झाली म्हणजे घरचे आजार लपवतात, आणि लपवण्यापायी ती सासरी सुया चुकवते. तो लपंडाव तुमच्या घरापुरता तरी बंद करा.

इन्शुलिन शोधणाऱ्या बँटिंग यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ चा. म्हणून तो दिवस जगभर मधुमेह दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे तोच बालदिन. दिवाळीच्या मागे-पुढेच तो येतो. त्या दिवशी हारतुरे काही नकोत. ओळखीतल्या अशा एखाद्या मुलाला फराळाला बोलवा. त्याच्या आईला विचारून, सुईचा हिशेब करून, त्याच्याही ताटात एक लाडू वाढा. त्याला तो चालतो.